०डब्ल्यू-२० एपीआय एसपी इंजिन ऑइल: कोणत्या गाडीला द्यावं, कोणत्या गाडीला देऊ नये

डब्याचं बूच उघडून हे तेल पहिल्यांदा ओतताना हमखास शंका येते, की यात काही मिसळलंय का? १५डब्ल्यू-४० ची धार जाड, सावकाश पडते. ०डब्ल्यू-२० ची धार बारीक असते आणि फनेलमधून भुर्रकन निघून जाते. बोटांत चोळलं तर हाताला काही लागलंय असंच वाटत नाही. वर्षानुवर्षं घट्ट तेल हाताळलेले मेकॅनिक हे पाहून गिऱ्हाइकाला सांगतात, "साहेब, पुढच्या वेळी जरा जाड टाकू." हा सल्ला मनापासून दिलेला असतो, पण नव्या इंजिनाला तो लागू पडत नाही.

हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या डब्याचं नाही. ०डब्ल्यू-२० ग्रेड, एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी दर्जा, आयएलसॅक (वाहन उत्पादकांची तेल-मानक समिती) जीएफ-६ए, फुल सिंथेटिक, अशा वर्णनाने आज जे तेल मिळतं, त्या सगळ्या प्रकाराचं आहे. आमचं मत आधीच सांगतो. ज्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलंय, त्याला याच्यापेक्षा योग्य तेल नाही. मात्र हे तेल हयगय खपवून घेत नाही. पातळी उतरली, बदलायला उशीर झाला, फिल्टर हलका लावला, तर जुनं घट्ट तेल निभावून न्यायचं. हे तितकं निभावून नेत नाही.

आधी आकड्यांचा उलगडा करू, कारण निम्मे गैरसमज तिथेच आहेत. 'डब्ल्यू' हा हिवाळ्याचा. एसएई जे३०० या मानकानुसार ०डब्ल्यू तेल उणे ३५ अंश सेल्सिअसला क्रँक फिरवता येईल इतकं सैल असावं लागतं आणि उणे ४० अंशांनाही पंपाने उचललं गेलं पाहिजे. ५डब्ल्यूसाठी हेच आकडे उणे ३० आणि उणे ३५ आहेत. जिथे पाणी कधी गोठतच नाही तिथे याचा काय उपयोग, असं विचारलं जातं. उपयोग आहे, कारण इंजिनाच्या हिशेबात २५ अंशसुद्धा थंडीच. ज्या ०डब्ल्यू-२० चा दाटपणा १०० अंशांना साधारण ८ सेंटीस्टोक असतो, तेच तेल ४० अंशांना ४५ च्या आसपास जातं. १५डब्ल्यू-४० चा आकडा ४० अंशांना शंभराच्या पुढे असतो. म्हणजे सकाळी गाडी चालू करताना घट्ट तेल हेडपर्यंत चढायला जास्त वेळ घेतं, पंपावर ताण येतो, आणि फिल्टरमधली बायपास झडप उघडून काही तेल न गाळताच पुढे जातं. पातळ तेल कॅमशाफ्टपर्यंत लवकर पोचतं आणि गाळून पोचतं.

दुसरा आकडा २०. तो १०० अंशांचा दाटपणा सांगतो: २० ग्रेड म्हणजे ६.९ ते ९.३, ३० म्हणजे ९.३ ते १२.५, आणि ४० म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक. पण इंजिन वाचतं की झिजतं हे ज्या आकड्यावर ठरतं, तो डब्यावर छापलेलाच नसतो. त्याचं नाव एचटीएचएस. १५० अंश तापमानाला, बेअरिंगमध्ये होतो तसा जबरदस्त घसपट देऊन तेल किती दाट राहतं, हे त्यात मोजतात. २० ग्रेडला किमान २.६ मिलिपास्कल-सेकंद लागतात, ३० ला २.९, आणि ०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० ला ३.५. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी असते. भार पडतो तेव्हा एका बाजूला तेलाचा पापुद्रा त्याहूनही कितीतरी पातळ होतो. धातूला धातू लागू न देण्याचं काम तेवढ्याशा पापुद्र्याचं. २.६ वर ते काम होतं, पण त्यासाठी बेअरिंगची रुंदी, पृष्ठभागाची सफाई आणि पंपाची क्षमता तशी आखलेली असावी लागते. ०डब्ल्यू-२० मागणाऱ्या इंजिनात ती आखलेली असते. ४० साठी बनवलेल्या इंजिनात नसते. सगळा वाद खरं तर एवढाच आहे.

आता डब्यात नेमकं काय बदललंय ते. एपीआय एसपी आणि आयएलसॅक जीएफ-६ हे दर्जे १ मे २०२० पासून लागू झाले. त्याआधीचा एसएन दर्जा २०१० चा. मधल्या दहा वर्षांत पेट्रोल इंजिनं लहान झाली, त्यांना टर्बो बसला, आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाऊ लागलं. एक नवा आजार त्यातून आला: कमी वेगावर, जास्त भारावर, ठिणगी पडायच्या आधीच होणारा पेट. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला एलएसपीआय म्हणतात.

हा प्रकार नीट समजून घ्यायला हवा, कारण इथे तेल स्वतःच आरोपी आहे. थेट फवारलेल्या पेट्रोलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो आणि तिथल्या तेलात मिसळतो. हे मिश्रण पिस्टनच्या सगळ्यात वरच्या रिंगजवळच्या खाचेत साठतं. एखादा थेंब तिथून उडाला की दाबलेल्या गरम हवेत तो स्वतःच पेटतो आणि स्पार्क प्लगच्या आधी ज्वाळा सुरू करतो. टर्बो गाडी वरच्या गिअरमध्ये, १५००-२००० आरपीएमवर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की हे व्हायची शक्यता सगळ्यात जास्त. दाब इतका चढतो की पिस्टनची रिंग धरणारी कड तुटते, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो. नेहमीच्या नॉकिंगसारखं हे हळूहळू नुकसान करत नाही. एखाददुसरा फटकाही पुरतो.

शोध घेतल्यावर लक्षात आलं, की तेलात घाण धुण्यासाठी जे कॅल्शियमयुक्त डिटर्जंट घालत, त्यामुळे हे पेट वाढतात. मॅग्नेशियमयुक्त डिटर्जंटने तसं होत नाही, आणि मॉलिब्डेनमची संयुगं उलट ते कमी करतात. म्हणून एसपी दर्जाच्या तेलात कॅल्शियम कमी करून त्याची जागा बऱ्याच अंशी मॅग्नेशियमला दिलेली असते. हा दर्जा मिळवायला तेलाला सीक्वेन्स-९ नावाच्या चाचणीत टर्बो इंजिनावर चार फेऱ्या काढाव्या लागतात आणि अशा अवेळी पेटांची सरासरी ५ च्या आत ठेवावी लागते. थेट इंजेक्शनची टर्बो पेट्रोल गाडी असेल, तर जुन्या साठ्यातला साधा एसएन डबा सवलतीत मिळाला तरी घेऊ नका. ग्रेड तोच असला तरी आतलं रसायन वेगळं आहे.

याच दर्जात दुसरी मोठी भर पडली ती टायमिंग चेनची. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनातही बारीक काजळी तयार होते, ती तेलात उतरते आणि चेनच्या पिना पॉलिश पेपरसारख्या घासते. एकेका पिनेची झीज नजरेला दिसत नाही, पण शंभर-दीडशे कड्यांची मिळून चेन लांब होते, व्हॉल्व्हचं टायमिंग सरकतं, आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. सीक्वेन्स-१० ही २१६ तासांची चाचणी याच्यासाठीच आहे, आणि तिच्यात चेन ०.०८५ टक्क्यांहून जास्त वाढलेली चालत नाही. नव्या गाडीत थंड सुरुवातीला दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येत असेल, तर तेलाचा दर्जा आणि बदलायच्या तारखा आधी तपासा.

धूर आणि प्रदूषणाच्या बाजूने पाहिलं तर हे तेल दोन ठिकाणी काम करतं, आणि दोन्ही एक्झॉस्टमध्ये. झीज रोखण्यासाठी तेलात जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग असतं, झेडडीडीपी. त्याला अजूनही तोडीस तोड पर्याय नाही. पण तेल थोडं थोडं जळतच असतं, आणि त्याच्याबरोबर गेलेला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधल्या मौल्यवान धातूंवर साचून त्यांना निकामी करतो. म्हणून जीएफ-६ तेलात फॉस्फरस ०.०६ ते ०.०८ टक्के या अरुंद पट्ट्यात बांधलेला आहे. खालची मर्यादा झिजेसाठी, वरची कन्व्हर्टरसाठी.

दुसरी गोष्ट राख. कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त हे धातू जळून नाहीसे होत नाहीत, त्यांची राख उरते. डिझेलचा डीपीएफ असो की पेट्रोलचा जीपीएफ, एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या या फिल्टरमध्ये साठलेली काजळी तापवून जाळता येते. राख जळत नाही. ती तिथेच बसते आणि फिल्टरची जागा कायमची खाते. युरोपच्या एसीईए मानकातल्या सी गटाच्या तेलांवर म्हणूनच राखेची मर्यादा आहे: सी२, सी३, सी५ साठी ०.८ टक्के, तर सी४ साठी ०.५ टक्के. ०डब्ल्यू-२० घेताना हा तपशील फार महत्त्वाचा ठरतो. एका डब्यावर फक्त एपीआय एसपी असतं, दुसऱ्यावर एसीईए सी५ किंवा सी६ सुद्धा असतं. एपीआयचा 'एस' गट पेट्रोल इंजिनांसाठी आहे. डीपीएफवाल्या डिझेल गाडीत नुसतं एसपी लिहिलेलं तेल ग्रेड जुळतो म्हणून ओतणं ही घोडचूक आहे.

मुळात इतक्या पातळ तेलाकडे उत्पादक वळले ते इंधनासाठी. पंप, पिस्टन, बेअरिंग यांना तेल घुसळायला जी शक्ती लागते ती दाटपणाबरोबर वाढते. ५डब्ल्यू-३० वरून ०डब्ल्यू-२० वर आल्यावर साधारण एक-दोन टक्के इंधन वाचतं. छोट्या फेऱ्यांत, इंजिन पुरतं तापलेलं नसताना, फायदा जास्त दिसतो, महामार्गावर कमी. कुणी या तेलाने पाच-दहा टक्के मायलेज वाढेल असं सांगत असेल, तर विश्वास ठेवू नका. टायरमधली हवा दोन-चार पीएसआयने कमी असली तरी या फायद्याचा काही भाग पुसला जातो. तरीही लाखो गाड्यांच्या हिशेबात एक-दोन टक्के ही मोठी बचत आहे, आणि तिच्यासाठी नवा सुटा भाग बसवावा लागत नाही.

पातळ तेलाचा पापुद्रा पिस्टनच्या वरच्या आणि खालच्या टोकाला, कॅमच्या नाकावर, थोडा वेळ तुटतो. तिथे मॉलिब्डेनमची संयुगं धातूवर निसरडा थर धरतात. काही कंपन्या हे जेमतेम घालतात, काही भरपूर. डब्यावरून ते कळत नाही. वापरलेल्या तेलाची प्रयोगशाळेत तपासणी केली तर अहवालात कळतं.

'फुल सिंथेटिक' या शब्दांवर फार विसंबू नका. अमेरिकेत १९९९ मध्ये जाहिरातींवरच्या एका गाजलेल्या निर्णयानंतर कच्च्या तेलापासून हायड्रोक्रॅकिंगने (हायड्रोजनच्या साहाय्याने शुद्ध करून) बनवलेल्या तिसऱ्या गटाच्या बेस ऑइललाही (रसायनं मिसळण्याआधीच्या मूळ तेलालाही) सिंथेटिक म्हणण्याची वाट मोकळी झाली. आज बहुतेक ०डब्ल्यू-२० याच गटातलं असतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. चौथ्या गटातलं, रासायनिक प्रक्रियेने घडवलेलं पीएओ कडाक्याच्या थंडीत आणि उष्णतेत आणखी टिकतं, पण सामान्य वापरात फरक शोधूनही सापडत नाही. बेस ऑइलचं नाव विचारण्याऐवजी उत्पादकाच्या संकेतस्थळावर तांत्रिक माहितीपत्रक उघडा आणि तीन आकडे पाहा. एचटीएचएस २.६ किंवा थोडं वर असावं. नोॲक, म्हणजे २५० अंशांना एका तासात वजनाने किती टक्के तेल उडून जातं तो आकडा: जीएफ-६ ला १५ टक्क्यांपर्यंत चालतं, एसीईएच्या सी गटात बहुतेकांना १३. दहा-अकराच्या आसपास असेल ते तेल आम्ही पसंत करू, कारण उडालेलं तेल पातळी उतरवतं आणि इनटेक व्हॉल्व्हच्या मागे चिकटून कोळसा होतं. थेट इंजेक्शनच्या इंजिनात त्या व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे तो कोळसा धुतलाही जात नाही. तिसरा आकडा टीबीएन, आम्ल मारायची ताकद. ती कमी राखेच्या तेलात ६ ते ८ च्या घरात असते आणि जुन्या जास्त राखेच्या तेलात दहाच्या आसपास. कमी टीबीएन म्हणजे वाईट तेल असं नाही, पण इंधनात गंधक जास्त असेल तर ते तेल लवकर संपतं.

आता दोष. या तेलाचा खरा शत्रू पेट्रोल आहे. थेट इंजेक्शनच्या गाडीने रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या, तर तेल पुरतं तापत नाही, त्यात उतरलेलं पेट्रोल उडून जात नाही आणि साठत राहतं. पाच टक्क्यांच्या आसपास पेट्रोल मिसळलं की २० चं तेल १६ च्या पट्ट्यात उतरू शकतं. ४० चं तेल असं पातळ झालं तर ३० होतं आणि गाडी चालत राहते. २० ला तेवढी जागा नाही. हायब्रिड गाडीत प्रश्न आणखी वाढतो, कारण इंजिन मध्येच बंद होतं, मध्येच थेट भाराखाली चालू होतं, आणि तेल ९०-१०० अंशांपर्यंत फार वेळ राहतच नाही. पाण्याची वाफही आतच थिजते. ऑइल भरायच्या बुचाच्या आतल्या बाजूला पिवळसर, लोण्यासारखा थर दिसला तर तो याचाच. थोडा असेल आणि कूलंटची पातळी स्थिर असेल तर घाबरू नका. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवा, तो जातो. कूलंटही उतरत असेल तर मात्र हेड गॅस्केट तपासायला हवं.

डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि पातळी कमी होण्याऐवजी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल, तर तेल 'वाढलेलं' नाही, पातळ झालंय. पुढच्या सर्व्हिसची वाट न पाहता बदला. मॅन्युअलमध्ये नेहमीच्या वेळापत्रकाबरोबर खडतर वापराचं वेळापत्रकही असतं. छोट्या फेऱ्या, तासन्‌तास आयडलिंग, धूळ, सतत भार ओढणं हे सगळं त्यात येतं. तिथे अंतर बऱ्याचदा निम्म्यावर येतं. शहरात गाडी चालवणारे बहुतेक लोक याच रकान्यात बसतात, पण वाचतात पहिला रकाना.

टायमिंग बेल्ट तेलात बुडालेला असेल अशा इंजिनांत चूक आणखी महागात पडते. चुकीचं तेल किंवा पेट्रोल मिसळलेलं तेल त्या बेल्टच्या रबराला फुगवतं, त्याचे कण सुटतात आणि पंपाच्या जाळीत अडकतात. मग तेलाचा दाब पडतो. अशा इंजिनाला उत्पादकाने जो मंजुरी क्रमांक दिलाय तोच डब्यावर हवा, दुसरं काही चालत नाही.

कोणत्या गाडीला हे देऊ नये? मॅन्युअलमध्ये ज्या ग्रेडांची यादी आहे त्यात २० नसेल, तर देऊ नका. ४० साठी बनलेल्या जुन्या इंजिनात २० ओतलं, की गरम इंजिन आयडलला आलं की दाबाचा दिवा लुकलुकतो, हायड्रॉलिक टॅपेट टकटकायला लागतात, आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून तेल उतरून धूर निळा होतो. जुन्या, सपाट टॅपेटच्या इंजिनांना फॉस्फरसही जास्त लागतो. मोटरसायकलला तर मुळीच नको: तिथे क्लच त्याच तेलात असतो आणि घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी तो घसरतो. तिच्यासाठी जासो या जपानी मानकाचं एमए किंवा एमए२ लिहिलेलं तेल घ्यावं.

उलटी चूकही तितकीच होते. ०डब्ल्यू-२० मागणाऱ्या गाडीत २०डब्ल्यू-५० ओतलं तर काय बिघडतं, हे एका भागात नीट दिसतं. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगचा सोलेनॉइड काढून हातात घेतला तर करंगळीएवढ्या दांड्यावर केसासारखी बारीक जाळी आणि दोन-तीन अरुंद खाचा दिसतात. कॅम पुढे-मागे सरकवायचं काम या खाचांतून जाणाऱ्या तेलाच्या दाबाने होतं, आणि संगणक ते मिलिसेकंदांत मोजतो. घट्ट तेल थंड असताना तिथून वेळेवर जात नाही, कॅम उशिरा सरकतो, आणि टायमिंगचा एरर कोड नोंदला जातो. सोलेनॉइड बदलला जातो, कोड पुन्हा येतो, मग फेझर (कॅम सरकवणारा भाग) बदलायची भाषा सुरू होते. आधी तेल पाहिलं असतं तर खर्च वाचला असता. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० बरोबर ५डब्ल्यू-३० ला परवानगी असेल, आणि डोंगराळ रस्त्यावर भार ओढायचा असेल किंवा उष्ण हवेत सतत वेगात चालवायचं असेल, तर ५डब्ल्यू-३० खुशाल वापरा.

डब्याचा पुढचा भाग जाहिरात आहे, मागचा वाचा. एपीआयच्या गोल चिन्हात वरच्या बाजूला एसपी, मध्ये ग्रेड आणि खाली 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' असतं. जीएफ-६ए ला दातेरी चांदणीसारखं चिन्ह मिळतं. ०डब्ल्यू-१६ ला, म्हणजे जीएफ-६बी ला, मुद्दाम वेगळं ढालीचं चिन्ह दिलंय, जेणेकरून २० मागणाऱ्या गाडीत कुणी चुकून १६ ओतू नये. युरोपीय गाड्यांसाठी उत्पादकाची मंजुरी पाहावी लागते: फोक्सवॅगनची ५०८ ००/५०९ ००, मर्सिडीजची २२९.७१, बीएमडब्ल्यूची लाँगलाइफ-१७ एफई+. फोक्सवॅगनच्या ५०८ ००/५०९ ०० तेलाला ओळखीसाठी हिरवट रंग दिलेला असतो, आणि ते तेल जुन्या ५०४ ००/५०७ ०० मागणाऱ्या इंजिनात चालत नाही. शब्दही तपासा. 'मंजूर' म्हणजे उत्पादकाने तपासून पत्र दिलंय. 'गरजा पूर्ण करते', 'यासाठी सुयोग्य' म्हणजे तेल विकणारा स्वतःच सांगतोय. वॉरंटीच्या वादात हा फरक टिकतो.

तेल बदलताना हे तेल काय वेगळं मागतं, तेही सांगायला हवं. इंजिन कोमट करून घ्या, सपाट जागेवर उभं करा, ड्रेन प्लग काढून धार थांबून थेंब पडेपर्यंत किमान दहा मिनिटं द्या. प्लगचा वॉशर दाबून बसणारा असतो, तो प्रत्येक वेळी नवाच लावा. जुना कधीकधी ऑइल पॅनला चिकटून राहतो आणि नवा त्याच्यावर बसतो. ते सांधे गळतात. फिल्टरची जुनी रबर रिंग इंजिनाच्या बैठकीला चिकटून राहणं हा याहून मोठा धोका. दोन रिंगा एकावर एक बसल्या की इंजिन चालू केल्यावर दाबाने त्यातली एक बाहेर सरकते आणि तेल काही मिनिटांत रस्त्यावर येतं. पातळ तेल तर आणखी भराभर जातं. बैठकीवरून बोट फिरवून खात्री करा. नव्या फिल्टरच्या रिंगला तेल चोळा, रिंग टेकली की हाताने आणखी पाऊण फेरा, पान्याने नाही. कागदी कार्ट्रिज असेल तर प्लॅस्टिकच्या झाकणावर टॉर्क कोरलेला असतो, बहुतेकदा २५ न्यूटन-मीटर. तो ओलांडला की झाकणाला चीर जाते.

मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक पाहून थोडं थोडं वाढवा. दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असतं. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलं तर क्रँक तेल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही. हे नवं तेल पारदर्शक असल्यामुळे डिपस्टिकवर पटकन दिसत नाही. काडी पांढऱ्या कागदावर टेकवा, ओलावा कुठपर्यंत उमटतो ते दिसेल. यानंतर दर हजार किलोमीटरला पातळी पाहायची सवय लावा. प्रवासात तेल कमी पडलं आणि ०डब्ल्यू-२० मिळालं नाही, तर एसपी दर्जाचं ५डब्ल्यू-३० अर्धा लिटर घालायला हरकत नाही. एपीआय परवान्याची तेलं एकमेकांत मिसळतात, फाटत नाहीत. वरून बाटलीतली कोणतीही 'ॲडिटिव्ह' मात्र ओतू नका. कॅल्शियम-मॅग्नेशियमचं जे प्रमाण एवढ्या चाचण्यांतून बसवलंय, ते त्याने बिघडू शकतं.

पुढचा दर्जाही आलाय. एपीआय एसक्यू आणि आयएलसॅक जीएफ-७ यांचे परवाने ३१ मार्च २०२५ पासून सुरू झाले. त्यात अवेळी पेटाची चाचणी नव्या तेलाबरोबर जुनं करून घेतलेल्या तेलावरही होते, कारण बदलून काही हजार किलोमीटर झाल्यावर हे संरक्षण किती उरतं हा खरा प्रश्न होता. जीपीएफसाठी राखेवर ०.९ टक्क्यांची मर्यादाही आली. एसपी मागणाऱ्या गाडीला एसक्यू चालतं, आणि टर्बो गाडीसाठी दोन्ही समोर असतील तर आम्ही एसक्यू घेऊ. एसपीचं सीलबंद तेल घरात असेल तर ते टाकून द्यायचं कारण नाही, बिनधास्त वापरा. जपानमध्ये त्याही पुढे जाऊन २०१९ च्या जासो जीएलव्ही-१ मानकाने ०डब्ल्यू-८ पर्यंत वाट काढून दिली आहे. एसएई ८ ची एचटीएचएस मर्यादा फक्त १.७ आहे. ती तेलं त्यांच्यासाठी बनवलेल्या इंजिनांनाच द्यायची, बाकीच्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

उरलेलं तेल मूळ डब्यातच, बूच घट्ट लावून, ऊन आणि ओल टाळून ठेवा आणि डब्यावर उघडल्याची तारीख लिहा. काढलेलं जुनं तेल गटारात किंवा मातीत ओतू नका. डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या केंद्रावर किंवा गॅरेजमध्ये द्या. बॉनेटच्या आत एक चिठ्ठी चिकटवा: ग्रेड, दर्जा, मंजुरी क्रमांक, तारीख आणि किलोमीटर. पुढच्या वेळी "जरा जाड टाकू" म्हणणाऱ्याला ती दाखवता येईल.